फिलिपाइन्सची कला: चित्र ललितकला संग्रहालयात आणि वस्त्र मानवशास्त्र संग्रहालयात, असे का?

कौलारू

नोकरीनिमित्त मी तीन वर्षे मनिला येथे राहिलो आणि त्या काळात सुट्टीच्या दिवशी माझे पाय बहुधा राष्ट्रीय ललितकला संग्रहालयाकडे वळत असत. तिथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत, आणि बाहेर मे महिन्यातला आपल्या कोकणासारखा उकाडा असतो, ही दोन्ही कारणे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. आत गेल्यावर हुआन लुना यांचे 'स्पोलिआरियुम' हे सव्वाचार मीटर उंचीचे आणि साडेसात मीटरांहून अधिक रुंदीचे तैलचित्र समोर येते. रोमन आखाड्यात मेलेल्या योद्ध्यांचे देह तळघरात फरफटत नेले जात आहेत, असा त्याचा विषय आहे. 1884 साली माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात या चित्राला सुवर्णपदक आणि त्याच प्रदर्शनात फेलिक्स रेसुरेक्सियोन इदाल्गो यांच्या चित्राला रौप्यपदक मिळाले. स्पेनच्या वसाहतीतली माणसे स्पेनच्याच राजधानीत स्पॅनिश चित्रकारांच्या पुढे गेली, ही घटना त्या देशाच्या राष्ट्रीय जाणिवेच्या इतिहासात मोठी मानली जाते. फिलिपाइन्सचे राष्ट्रनायक मानले जाणारे लेखक होसे रिसाल यांनी त्या निमित्ताने माद्रिदच्या मेजवानीत केलेले भाषणही त्याच इतिहासाचा भाग आहे.

मला खटकलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. चालत जाण्याच्या अंतरावर मानवशास्त्राचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि फिलिपाइन्सची हातमागावरची वस्त्रे तिथे ठेवलेली आहेत. म्हणजे रंगवलेले कापड ललितकलेत आणि विणलेले कापड मानवशास्त्रात. सरकारी सन्मानांतही हीच फाळणी दिसते. 'राष्ट्रीय कलावंत' हा किताब 1972 साली सुरू झाला आणि पहिला मान भातशेतीची उन्हात न्हालेली दृश्ये रंगवणाऱ्या फेर्नांदो आमोर्सोलो यांना, त्यांच्या निधनानंतर लगेच, देण्यात आला. विणकर, शाहीर, चटई विणणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी वेगळा सन्मान व्हायला 1992 चा कायदा यावा लागला. त्याचे नाव 'गावाद सा मानलिलिखा नग बायान', म्हणजे लोकांच्या निर्मात्यांचा सन्मान. दोन्ही किताब एकाच दर्जाचे आहेत असे कागदावर म्हटले जाते. मग याद्या दोन कशासाठी, असा माझा प्रश्न आहे. जाणकारांनी लिहावे.

आडवा धागा

कौलारू, प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. मी हातमागाच्या कापडावर काम करते, आणि मिंदानाओ बेटावरच्या त'बोली लोकांचे त'नालाक हे वस्त्र आम्हाला अभ्यासात होते.

हे कापड कापसाचे किंवा रेशमाचे नसते. ते आबाका नावाच्या झाडाच्या तंतूंचे असते. आबाका हे केळीच्या कुळातले, खोडाच्या सोपट्यातून तंतू देणारे झाड आहे, त्यामुळे जळगावकडच्या वाचकांना त्याची कल्पना चटकन येईल. तंतू पिळून सूत काढले जात नाही. एकेक तंतू दुसऱ्याला गाठ मारून जोडतात, आणि गाठ इतकी बारीक असते की बोटाला लागली तरी डोळ्यांना दिसत नाही. नक्षी मागावर पडत नाही, ती आधीच ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, बांधून रंगवली जाते, म्हणजे ही पोचमपल्लीच्या जातीची इकत आहे. (आपली पैठणी या जातीत बसत नाही, तिथे नक्षी बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांनी मागावरच घडते.) जिथे रंग नको तिथे ताणा बांधून घ्यायचा, तो आधी काळ्या रंगात आणि मग काही गाठी सोडून लाल रंगात बुडवायचा, आणि जे झाकलेले राहिले ते तंतूच्या मूळ पिवळसर रंगात उमटते. दोन्ही रंग झाडांच्या पानामुळांपासून मिळतात. विणकर स्त्री जमिनीवर बसते, मागाचे एक टोक घराच्या वाशाला आणि दुसरे तिच्या कमरेला बांधलेले असते, त्यामुळे ताणा किती ताठ ठेवायचा हे तिची पाठ ठरवते. शेवटी कवडीने घासघासून कापडाला झळाळी आणतात.

नक्षी कागदावर काढलेली नसते. आबाकाची आत्मदेवता फू दालू ती स्वप्नात दाखवते अशी श्रद्धा आहे, म्हणून या स्त्रियांना 'स्वप्न विणणाऱ्या' असे म्हटले जाते. सेबू सरोवराकाठच्या लांग दुलाय यांना सुमारे शंभर नक्ष्या मुखोद्गत होत्या. त्यांना 1998 साली मानलिलिखा हा सन्मान मिळाला आणि 2015 साली त्यांचे निधन झाले. विणताना कापड ओलांडायचे नाही, कापायचे असेल तर विधिपूर्वक कापायचे, विकायचे असेल तर देवता रुष्ट होऊ नये म्हणून त्याला पितळेची कडी लावायची, असे अनेक नियम आहेत. आता हेच कापड चौकटीत घालून भिंतीवर टांगले तर त्यातले किती उरते? मला वाटते, ललितकला संग्रहालयात ते नाही याचे दुःख करण्याआधी आपण हा प्रश्न विचारायला हवा.

चिकित्सक

दोन याद्या असण्याला एक व्यावहारिक कारण आहे, आणि भावनेच्या भरात ते नजरेआड होऊ नये असे वाटते. राष्ट्रीय कलावंताने एकही शिष्य घडवला नाही तरी त्याचा किताब अबाधित राहतो. मानलिलिखाला मात्र आपली विद्या पुढच्या पिढीला शिकवण्याची जबाबदारी कायद्यानेच येते, आणि त्यासाठी अनुदान व मासिक मानधन मिळते. 1993 च्या पहिल्या तिघांत मांग्यान या आदिवासी समाजातले कवी गिनाव बिलोग होते. त्यांचा 'आम्बाहान' हा काव्यप्रकार सात-सात अक्षरांच्या ओळींत रचला जातो आणि ब्राह्मीकुळातल्या त्यांच्या स्वतःच्या लिपीत सुरीच्या टोकाने बांबूवर कोरला जातो. अशा कवीला आधुनिक कादंबरीकारांच्या रांगेत बसवून परीक्षकांनी कोणत्या कसोट्या लावायच्या? आपल्याकडेही पद्म पुरस्कार वेगळे आणि हस्तकलेतले शिल्पगुरू वेगळे आहेत.

दुसरा मुद्दा असा की 'परंपरा' आणि 'आधुनिकता' यांची भांडणे चित्रकारांच्या घरातही झाली आहेत, केवळ चित्रकार आणि विणकर यांच्यात नव्हे. अमेरिकेत शिकून आलेल्या व्हिक्टोरिओ एदादेस यांनी 1928 साली मनिलात आपली चित्रे मांडली. त्यातल्या 'बांधकाम करणारे' या चित्रात मळकट, राखाडी-तपकिरी रंगांत राबणारी, वेडीवाकडी शरीरे होती. आमोर्सोलो यांच्या गोऱ्या उन्हात हसणाऱ्या शेतकरणींची सवय असलेल्या प्रेक्षकांना ते पाहवले नाही. पुढे एदादेस आणि शिल्पकार गियेर्मो तोलेन्तिनो यांच्यात वृत्तपत्रांतून कडाक्याचा वाद झाला. मुंबईत आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट 1947 साली उभा राहिला, हे लक्षात घेतले तर मनिला या बाबतीत मुंबईच्या जवळजवळ वीस वर्षे पुढे होती असे म्हणावे लागते. गंमत अशी की आमोर्सोलो, एदादेस आणि तोलेन्तिनो हे तिघेही आज राष्ट्रीय कलावंतांच्या एकाच यादीत शेजारी शेजारी आहेत. यादी भांडणे मिटवते, असा याचा अर्थ काढायचा की यादीला भांडणे समजत नाहीत, असा, हे वाचकांनी ठरवावे.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो आहे. धाग्याचा विषय वाचून मला प्रथम आमच्या जुन्या घराची खिडकी आठवली. गोव्यातल्या जुन्या घरांत लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, दुधी तुकडे बसवलेले असतात. उजेड आत येतो, पण ऊन येत नाही, आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. फिलिपाइन्समध्ये याच जातीच्या शिंपल्याला 'कापिझ' म्हणतात, आणि स्पॅनिश काळातल्या त्यांच्या दगडी तळमजला व लाकडी माडी असलेल्या घरांच्या सरकत्या खिडक्यांत याच शिंपल्यांचे लहान लहान चौकोन असतात. गोव्यात चिखलीच्या खाडीत हा शिंपला सापडतो, पण भारतात तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येत असल्यामुळे मोडलेल्या खिडकीला नवा तुकडा मिळवणे सोपे नाही. आमच्या खिडकीत दोन ठिकाणी प्लास्टिक बसवलेले आहे, हे लिहिताना थोडी लाज वाटते.

तिकडे मात्र तोच शिंपला खिडकीतून निघून कंदिलात गेला. नाताळात घराघरावर 'पारोल' लावतात. मुळात तो बांबूच्या कामट्यांचा आणि पातळ कागदाचा पाच टोकांचा तारा, म्हणजे आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊच. पाम्पांगा प्रांतातल्या सान फेर्नांदो शहरात नाताळाच्या आधी महाकंदिलांची चढाओढ होते. एकेक कंदील सुमारे वीस फूट व्यासाचा आणि हजारो दिव्यांचा असतो, आणि संगीताच्या तालावर त्यातली नक्षी फुलते, मिटते, फिरते. हे संगणकावर चालत असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मागे पत्र्याची मोठी पिंपे असतात. प्रत्येक दिव्याची तार एका केसाच्या पिनेपर्यंत आणलेली असते आणि ती पिन पिंपाला टेकलेली असते; पिंपावर चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असतात. माणसे हाताने पिंप फिरवतात, पिन पत्र्याला टेकली की दिवा लागतो आणि चिकटपट्टीवर आली की विझतो. म्हणजे नक्षीचा सगळा आराखडा त्या चिकटपट्टीत असतो. याला परंपरा म्हणायचे की समकालीन मांडणशिल्प, हे मला सांगता येत नाही. पण ते कोणत्याही संग्रहालयाच्या दारातून आत जाणार नाही, हे नक्की.

कौलारू

मांडवीकाठ, पिंपांचे वर्णन वाचून फार आनंद झाला. मी कंदील समोरून पाहिले आणि मागे जाऊन पाहण्याची बुद्धी मला झाली नाही.

चिकित्सक, शिकवण्याच्या जबाबदारीचा मुद्दा मान्य आहे. मात्र त्यातून एक विचित्र गोष्ट निघते. विणकराला आपल्याला शिकवले तसेच शिकवण्याचे बंधन, आणि चित्रकाराला मात्र वाटेल ते मोडण्याची मुभा. एखाद्या मानलिलिखा स्त्रीला उद्या वेगळेच स्वप्न पडले तर?

सागरगोटा

मोडण्याची मुभा कोणाला असते याचे एक उदाहरण नृत्यातून देतो. मिंदानाओमधल्या लानाओ सरोवराभोवती राहणाऱ्या मारानाओ लोकांचे 'दारांगेन' हे महाकाव्य गाऊन सांगितले जाते, आणि युनेस्कोने 2005 साली त्याचा गौरव केला. 'सिंगकिल' हे नृत्य त्यातल्या एका प्रसंगावर आधारलेले आहे: राजकन्या भूकंपात सापडते आणि कोसळणाऱ्या झाडांमधून डौल न सोडता वाट काढते. जमिनीवर आडवेउभे बांबू आपटले जातात आणि नर्तकी पंखे फिरवत त्यांच्या मधून पावले टाकते. 1957 साली स्थापन झालेल्या बायानिहान या नृत्यसंस्थेने हे नृत्य जगभरच्या रंगमंचांवर नेले. त्यासाठी गती वाढली, समूह वाढला, आणि राजपुत्राची भूमिका ठळक झाली. मारानाओ समाजातल्या अनेकांना हे रूप परके वाटते, तर मनिलातल्या शाळकरी मुलांना हेच मूळ नृत्य आहे असे वाटते. ज्यांचे नृत्य, त्यांच्या हातात ते बदलण्याची दोरी राहिली नाही, अशी ती तक्रार आहे, आणि मला ती रास्त वाटते.

जाता जाता, मराठी वाचकांना रुचेल म्हणून: याच मारानाओ लोकांत 'महाराडिया लावाना' नावाची कथा आहे. नाव मोठ्याने उच्चारले की महाराजा रावण ऐकू येतो. मुस्लिम समाजात मौखिक परंपरेने टिकलेली ही रामकथा हुआन फ्रान्सिस्को या अभ्यासकाने 1969 साली प्रकाशात आणली. त्यांच्या सरदारी घरांच्या तुळयांच्या बाहेर आलेल्या टोकांवर जी वळणदार कोरीव नक्षी असते, तिच्यातल्या सर्पाकृतीला ते आजही 'नागा' म्हणतात.

आडवा धागा

कौलारू, वेगळ्या स्वप्नाबद्दल तुम्ही विचारलेत, तर पासिता आबाद यांचे नाव या धाग्यात यायलाच हवे. उत्तरेकडच्या बातानेस बेटांवर 1946 साली जन्मलेल्या या चित्रकर्तीने कॅनव्हास चौकटीवर ताणलाच नाही. रंगवलेल्या कॅनव्हासमागे भरण घालून तिने तो आपल्या गोधडीसारखा टाके घालून फुगवला आणि त्यावर शिंपले, आरसे, बटणे, मणी शिवले. जिथे जिथे ती राहिली आणि फिरली तिथल्या स्त्रियांकडून तिने टाके आणि कापड उचलले, आणि त्यातून स्थलांतरितांची मोठमोठी चित्रे केली. अनेक वर्षे समीक्षक या कामाला 'शिवणकाम' म्हणून बाजूला ठेवत आले. 2004 साली ती गेली. 2023 साली अमेरिकेत मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने तिचे मोठे सिंहावलोकन भरवले, आणि मग तेच टाके एकाएकी महत्त्वाचे ठरले. टाका तोच होता, भिंत बदलली.

याला दुसरी बाजूही आहे. आबाद हिने उचललेल्या टाक्यांच्या मूळ मालकिणींची नावे प्रदर्शनाच्या पाट्यांवर नसतात. मला तिचे काम मनापासून आवडते, तरीही हे टोचते. स्वप्नात आलेली नक्षी जेव्हा पॉलिएस्टरवर छापून विमानतळावरच्या पिशव्यांवर विकली जाते तेव्हा आपण चोरी म्हणतो; तीच नक्षी कलादालनात आली की प्रेरणा म्हणतो. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे मला समजते, पण त्यांच्यातली सीमारेषा कोणी आणि कुठे आखायची?

चिकित्सक

नाव न येणे हा प्रश्न विणकामापुरता नाही. पाएते गावचे सुतार पिढ्यानुपिढ्या चर्चसाठी लाकडी संतमूर्ती घडवत आले आणि मनिलाच्या चिनी कारागिरांनी हस्तिदंती येशू कोरले; बहुतेकांवर कोणाचीच सही नाही. गोव्यातल्या लाकडी आणि हस्तिदंती ख्रिस्ती मूर्तींचीही हीच स्थिती आहे. मांडवीकाठ यांनी जुन्या गोव्याचे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय पाहिले असेलच.

कौलारू

पाट्यांवर नसलेल्या नावांवरून मला चित्रपट दिग्दर्शक किदलात ताहिमिक आठवले. या नावाचा अर्थ 'मूक वीज' असा आहे आणि ते त्यांनी स्वतः घेतलेले आहे. 1977 च्या पहिल्याच चित्रपटाने ते जगाला माहीत झाले, आणि 2018 साली चित्रपटासाठी राष्ट्रीय कलावंत ठरले. पण गेली अनेक वर्षे ते उत्तरेकडच्या डोंगरांतल्या इफुगाओ काष्ठशिल्पकारांबरोबर काम करतात. त्यांच्या मांडण्यांत इफुगाओंची वाऱ्याची देवी आणि झगा उडणारी मरिलिन मन्रो लाकडात समोरासमोर उभ्या राहतात.

2021 साली त्यांनी अशी एक प्रचंड मांडणी माद्रिदच्या काचमहालात केली. हा महाल 1887 च्या फिलिपाइन्स प्रदर्शनासाठी बांधलेला आहे. त्या प्रदर्शनात झाडे, वस्तू यांच्याबरोबर डोंगराळ भागातली जिवंत माणसेही बागेत झोपड्या उभारून प्रेक्षकांना दाखवली गेली, आणि त्यांच्यापैकी काही तिथेच मरण पावली. लुना यांच्या चित्राला त्याच शहरात सुवर्णपदक मिळून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. मूळ प्रश्न लिहिताना मला ही दोन साले एकमेकांशेजारी ठेवायची सुचली नव्हती. एकाच देशाची माणसे एकाच राजधानीत, काही चित्रकार म्हणून आणि काही प्रेक्षणीय वस्तू म्हणून. मनिलातल्या दोन संग्रहालयांमधली भिंत त्या बागेपर्यंत मागे जाते असे आता मला वाटते. चिकित्सक यांचे व्यावहारिक कारण खरे असले तरी ते नंतरचे आहे.

आणि तरीही, ताहिमिक यांच्याबरोबर लाकूड कोरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला हा प्रतिसाद लिहिताना आठवत नाही, हेही नोंदवतो.

रानजाई

मी इतका वेळ फक्त वाचत होते, पण एका गोष्टीचा उल्लेख राहून जाऊ नये. लुकबान गावात 15 मे रोजी सान इसिद्रो या शेतकऱ्यांच्या संताचा 'पाहियास' उत्सव असतो, आणि घरांचे दर्शनी भाग भाताच्या लोंब्या, भाज्या, टोप्या आणि 'किपिंग' यांनी मढवलेले असतात. तांदळाचे पातळ पीठ झाडाच्या पानावर पसरवायचे, पान वाफवायचे, वाळवायचे आणि मग पापुद्रा सोलून काढायचा, म्हणजे पानाच्या शिरांसकट त्याचा ठसा त्यावर उतरतो. माझी आजी पानावरच्या सालपापड्या अगदी अशाच करायची. तिकडे हे पापुद्रे लाल, हिरवे, पिवळे, गुलाबी रंगवतात आणि त्यांची मोठमोठी झुंबरे करून खिडक्यांत टांगतात. झुंबराला ते 'आरान्या' म्हणतात. शब्द स्पॅनिश आहे, पण पानांचे झुंबर आणि आपले अरण्य यांचा योग मला फार आवडला.

दरवर्षी घरे नव्याने सजतात, आणि मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार त्यावर त्या वर्षी कोणती घरे सजणार हे ठरते. तुमच्या दोन याद्यांपैकी हे कोणत्या यादीत बसेल? कोणा एकाचे नाव नाही, आणि टिकवायचे म्हटले तर वस्तूच नाही.

कौलारू

रानजाई, पाहियासच्या वेळी मी लुकबानला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या घरी चहाला बसलो तिथे आदल्या दिवशीचे किपिंग उतरवून तळत होते. मला ताटलीत चार मिळाले: दोन गुलाबी, एक हिरवे आणि एक पिवळे. हिरव्यावर पानाच्या शिरा अजून दिसत होत्या.